अटकेची नोंद कुठे सापडते आणि सुटल्यावर ती कशी दुरुस्त करून घ्यायची

माझा मावसभाऊ कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एका फौंड्रीत कामाला होता. 2017 च्या गणेशोत्सवात दोन मंडळांत मारामारी झाली, पोलिसांनी हाताला लागतील त्यांना गाडीत घातलं, त्यात हाही गेला. दोन दिवसांनी जामीन, पुढं चार वर्षं तारखा, आणि 2021 मध्ये निर्दोष मुक्तता. मावशीनं गल्लीत पेढे वाटले. 2024 मध्ये कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत त्याला चांगली नोकरी लागत होती. कंपनीनं चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला आणि दाखल्यावर छापून आलं: गुन्हा न्यायप्रविष्ट.

"सुटलोय की मी! मग ह्यात अजून कसं काय हाय?" तो कागद हातात धरून विचारत होता.

कोर्टात निकाल लागला होता, पण पोलीस ठाण्याच्या संगणकात तो कुणी चढवलाच नव्हता. तो चढवून घ्यायला आम्हाला पाच आठवडे लागले. त्या धावपळीत जे कळलं ते इथं लिहिते आहे.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. अटकेची नोंद सरसकट पुसून टाकणारा कायदा आपल्याकडे नाही. कोर्टाच्या आवारात कुणी "रेकॉर्ड काढून देतो, एवढे द्या" म्हणालं तर पैसे देऊ नका. पण नोंदीसमोर निकाल लिहून घेता येतो, काही कागद कायद्यानं नष्ट व्हावे लागतात, आणि काही प्रकरणांत मूळ गुन्हाच रद्द होऊ शकतो.

माणूस उचलला आहे, कुठं आहे?

नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 37 प्रमाणे (ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे) प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी एक नेमलेला अधिकारी असतो. अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप ही माहिती त्यानं ठेवायची आणि ती ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायची असते. त्यामुळं कोल्हापुरातलं ठाणं लक्ष्मीपुरी असो, राजारामपुरी असो की जुना राजवाडा, आत जाऊन ठाणे अंमलदाराला सरळ विचारा: अमुक माणसाला आणलंय का, कोणत्या कलमाखाली? अटकेची खबर नातेवाइकाला किंवा मित्राला देणं पोलिसांवर बंधनकारक आहे. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं.

वकील लावायची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा किंवा 15100 ला फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेला कुणीही, यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

कुठली नोंद आहे ते ओळखा

कोल्हापुरात "केस झाली" हा एकच शब्द चार वेगळ्या गोष्टींना वापरतात. अदखलपात्र नोंद, म्हणजे एन.सी., हा वेगळा प्रकार. सणाच्या किंवा निवडणुकीच्या आधी होणारी चॅप्टर केस ही प्रतिबंधक कारवाई असते. तिच्यात शांतता राखण्याचा बॉण्ड (हमीपत्र) लिहून घेतात, गुन्हा शाबीत झालेला नसतो. दखलपात्र गुन्हा दाखल झाला की त्याला गु.र.नं., म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, मिळतो. आणि दोषारोपपत्र कोर्टात गेलं की तो खटला होतो. तुमच्या हातात यातलं काय आहे हे कळल्याशिवाय एकही अर्ज लिहू नका.

गु.र.नं. शोधायला महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर जा, प्रकाशित एफआयआरमध्ये जिल्हा, ठाणं आणि तारखा भरा. सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये एफआयआर 24 तासांत संकेतस्थळावर टाकायचा आदेश दिला. लैंगिक गुन्हे, पोक्सो, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं त्यातून वगळली आहेत. तिथं सापडली नाही तर आरोपी स्वतः किंवा त्याच्या वतीनं कुणीही ठाण्यात अर्ज करून प्रत मागू शकतो. त्याच आदेशाप्रमाणं ती 24 तासांत द्यायची असते.

खटला ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सापडतो. जिल्हा कोल्हापूर निवडा, मग न्यायालय संकुल. गुन्हा इचलकरंजीचा असेल तर इचलकरंजीचं संकुल निवडायचं, इथं बरेच जण चुकतात. ठाणं, गु.र.नं. आणि वर्ष टाका. प्रलंबित आणि निकाली अशा दोन्ही बाजूंनी शोधा. खटला सापडला की 16 अक्षरांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या खटल्याचा देशभरातला एकमेव क्रमांक, वहीत लिहून घ्या, पुढं सगळीकडं तोच लागतो.

हे सगळं उघड आहे, म्हणजे शेजाऱ्यालाही दिसतं. सोयरिकीच्या आधी लोक हल्ली मुलाचं नाव टाकून बघतात. नाव एकच असलेली दोन माणसं एका तालुक्यात सहज सापडतात, म्हणून दुसऱ्याचं बघणाऱ्यानं वडिलांचं नाव आणि पत्ता जुळल्याशिवाय तोंडातून शब्द काढू नये. आणि जुळलं तरी एफआयआर म्हणजे फक्त आरोप, हे विसरू नये.

निकालाचा कागद हातात घ्या

सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. दोषी ठरून तुरुंगवासाची शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत मोफत मिळते. निर्दोष सुटलेल्यानं मात्र ती मागून घ्यावी लागते, आणि सुटल्याच्या आनंदात ती कुणी मागत नाही. माझ्या भावानंही मागितली नव्हती. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात नक्कल विभागात अर्ज करा, खटल्याचा क्रमांक आणि निकालाची तारीख लिहा, आणि प्रमाणित नकला तीन घ्या. एक पोलिसांना, एक लागेल तिथं दाखवायला, एक घरात.

खटला उभाच राहिला नसेल तर समरीचा आदेश मागा. महाराष्ट्रात पोलीस तपास बंद करताना कोर्टाला समरी, म्हणजे शेवटचा अहवाल, पाठवतात: 'अ' म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी किंवा पुरावा सापडत नाही, 'ब' म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी, 'क' म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची. तुमच्या प्रकरणात 'ब' किंवा 'क' समरी मंजूर झाली असेल तर मॅजिस्ट्रेटच्या त्या आदेशाची नक्कल तुमच्यासाठी निर्दोष निकालाइतकीच मोलाची आहे.

इथं एक कळकळीची विनंती. किरकोळ प्रकरणात, जुगार म्हणा, दारू पिऊन गाडी चालवणं म्हणा, "कबूल करा, दंड भरा, विषय संपला" असा सल्ला मिळतो. त्यानं विषय संपत नाही. कबुली दिली की तुम्ही दोषी ठरलात, आणि ती शिक्षा म्हणून नोंदली जाते. विशीतल्या पोरांना पाचशे रुपये भरून मोकळं होताना मी पाहिलंय, आणि पुढं पोलीस भरतीच्या फॉर्मवर "शिक्षा झाली आहे का?" या ओळीपाशी अडकतानाही पाहिलंय. कबुलीची सही करण्याआधी वकिलाला विचारा. आपसात मिटण्यासारखा गुन्हा असेल तर तडजोडीनं मिटवा, कारण कायदेशीर तडजोडीचा परिणाम निर्दोष मुक्ततेचा असतो.

पोलिसांच्या नोंदीत निकाल चढवून घ्या

ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांच्या नावे साधा मराठी अर्ज लिहा. त्यात गु.र.नं., कलमं, कोर्ट, खटला क्रमांक, सीएनआर, निकालाची तारीख द्या आणि शेवटी स्पष्ट मागणी करा: ठाण्याच्या अभिलेखात व सीसीटीएनएस प्रणालीत (पोलीस ठाण्यांना जोडणाऱ्या संगणक नोंदीत) निकालाची नोंद घ्यावी आणि नोंद घेतल्याचं मला लेखी कळवावं. नक्कल जोडा. प्रत पोलीस अधीक्षक, कोल्हापूर यांना.

अर्ज बारनिशीत, म्हणजे आवक-जावक खिडकीवर, द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख घेतल्याशिवाय हलू नका. आम्ही पहिल्या वेळी एका हवालदारांच्या हातात अर्ज देऊन आलो. ते बोलायला अतिशय चांगले होते, पण अर्ज गेला तो गेलाच. दुसऱ्या वेळी खिडकीपाशी उभं राहून शिक्का मारून घेतला. त्या दिवशी शाई ओली होती, माझ्या बोटाला निळा डाग लागला होता. तीन आठवड्यांनी ठाण्यातून फोन आला.

फोन आला नाही तर माहिती अधिकारात विचारा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत: अमुक गु.र.नं. मध्ये माझ्या नावासमोर आज काय नोंद आहे आणि माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कारवाई झाली. उत्तराची मुदत 30 दिवस, न आल्यास प्रथम अपील.

बोटांचे ठसे आणि फोटो घेतले असतील तर वेगळा अर्ज करा. 2022 च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यानं अशा नोंदी 75 वर्षं ठेवता येतात. पण आधी कधी शिक्षा झालेली नसेल आणि माणूस खटल्याविना सुटला, दोषमुक्त झाला (आरोप निश्चित होण्याआधीच कोर्टानं सोडलं) किंवा निर्दोष ठरला, तर अपिलाचे सगळे मार्ग संपल्यावर त्या नष्ट कराव्या लागतात. कोर्टानं कारण लिहून वेगळा आदेश दिला असेल तेवढाच अपवाद.

गुन्हाच रद्द करायचा असेल तर

त्याच नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 528 खाली उच्च न्यायालयात जावं लागतं. फिर्यादीतून गुन्हाच दिसत नसेल, किंवा भावकीचं, नवरा-बायकोचं, व्यवहाराचं भांडण मिटलं असेल, तर संमतीनं गुन्हा रद्द होऊ शकतो. खून, बलात्कार यांत सहसा तडजोड चालत नाही. पूर्वी यासाठी रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई गाठावी लागायची. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच, सीपीआर रुग्णालयाजवळच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत बसतं.

ऊस दराच्या किंवा टोलच्या आंदोलनातले गुन्हे असतील तर शासन वेळोवेळी असे खटले मागे घ्यायचा निर्णय काढतं. पण निर्णय निघाला म्हणजे खटला संपला असं नाही. सरकारी वकिलानं अर्ज करून कोर्टाची संमती घ्यावी लागते. आपल्या खटल्यात तो अर्ज झाला का, हे स्वतः बघा.

गुन्ह्याच्या वेळी वय 18 च्या आत होतं?

मग कायदा पूर्ण तुमच्या बाजूचा आहे. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 24 नं अशा नोंदी ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करायच्या असतात. 16 ते 18 वयातल्या घृणास्पद गुन्ह्यांत प्रौढ म्हणून खटला चाललेली प्रकरणं तेवढी वेगळी. कलम 74 प्रमाणे निकाली निघालेल्या प्रकरणाची माहिती पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी उघड करायची नाही. तरीही ती दाखल्यावर आली तर बाल न्याय मंडळाच्या आदेशाची प्रत घेऊन त्याच दिवशी अधीक्षक कार्यालय गाठा.

फॉर्म भरताना

"कधी अटक झाली आहे का?" असं विचारलं असेल तर लपवू नका. सर्वोच्च न्यायालयानं 2016 च्या अवतार सिंग प्रकरणात सांगितलंय की उमेदवारानं दिलेली माहिती खरी असली पाहिजे. सुटलेल्या माणसाची नोकरीही माहिती लपवली म्हणून जाऊ शकते. होय लिहा, शेजारी "निर्दोष मुक्तता" आणि तारीख लिहा, नक्कल जोडा. दाखल्याचा अर्ज नोकरी समोर येईपर्यंत ठेवू नका. निकालानंतर दोन-तीन महिन्यांत स्वतःच एकदा काढून बघा. भावाची कागलची जागा तोवर भरली गेली होती. नवा दाखला मात्र स्वच्छ आला, आणि त्याची झेरॉक्स त्यानं निकालाच्या नकलेसोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मावशीच्या लोखंडी कपाटात ठेवली आहे.