मृगाआधी झूमच्या बॅटरीची रबरी रिंग तपासा, गोगलगाय रात्रीच वेचावी लागते

मृग तोंडावर आला आहे. बियाणे, खत, बीजप्रक्रियेचे औषध घरात येऊन पडले असेल, पण खुंटीला टांगलेली छोटी झूमची बॅटरी, म्हणजे डोके सरकवून उजेड रुंद किंवा अरुंद करता येणारी टॉर्च, गेल्या दिवाळीपासून कुणी उघडून पाहिली नसेल. शिवारात शंखी गोगलगाय असेल तर ही बॅटरी आजच उघडा. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद (आता धाराशिव) भागात गोगलगायींनी उगवते सोयाबीन फस्त केले आणि अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली. गोगलगाय दिवसा दगडाखाली, पालापाचोळ्यात, मातीत दडते आणि अंधार पडून जमीन ओली असली की चरायला निघते. उगवणीपासून पहिले पंधरा-वीस दिवस रात्री वेचणी झाली तरच रोप हाती लागते.

नेमक्या याच दिवसांत बॅटरी दगा देते. दुसऱ्या-तिसऱ्या पावसात काच आतून धुरकटते, उजेड लुकलुकतो आणि विझतो. मग माणूस ‘सकाळी बघू’ म्हणत घरी परततो. सकाळी गोगलगाय कुठेच दिसत नाही. दिसतात फक्त शेंडे कुरतडलेली रोपे आणि मातीवर वाळलेल्या चकचकीत रेषा. अशा दोन-तीन रात्री हुकल्या की बांधाकडच्या ओळी गेल्याच.

बहुतेक वेळा दोष एका रबरी रिंगचा असतो. झूमच्या बॅटरीचे डोके पुढे-मागे सरकते आणि डोके व नळी यांच्या फटीत ओ-रिंग बसवलेली असते. डोके पुढे ओढले की आतली जागा वाढते, बाहेरची हवा आत खेचली जाते, आणि डोके ओले असेल तर हवेबरोबर पाणीही जाते. वंगण घातलेली ताजी रिंग हे पाणी अडवते. कोरडी, भेगाळलेली रिंग अडवत नाही. म्हणून पावसात उभे राहून झूम कमी-जास्त करू नका. घरातून निघतानाच उजेड रुंद करून घ्या आणि परत येईपर्यंत बॅटरीच्या डोक्याला हात लावू नका.

रिंगची कामे:
– मागची टोपी उघडा, सेल काढा.
– टोपीची रिंग दात कोरायच्या काडीने सोडवा, सुई किंवा सुरीने नको.
– ताणून पाहा. भेग दिसली किंवा रिंग चपटी झाली असेल तर बदला.
– आटे आणि खाच कोरड्या सुती कापडाने पुसा.
– तांदळाच्या दाण्याएवढे सिलिकॉन ग्रीस रिंगला चोळा.
– सरकत्या डोक्याच्या रिंगलाही तेवढेच लावा.

खोबरेल तेल लावू नका, ते चिकट होऊन माती धरते. गाडीचे ग्रीसही नको, काही जातींचे रबर त्याने फुगते. नवी रिंग पंप दुरुस्तीच्या दुकानात चार-दोन रुपयांत मिळते, मात्र जुनी रिंग सोबत न्या. बसवल्यावर ती खाचेच्या कडेपेक्षा किंचित वर उठलेली दिसली पाहिजे. खाचेत बुडाली तर ती बारीक आहे, काही उपयोग नाही.

मग बादलीची परीक्षा करा. सेल बाहेर ठेवा, नळीत कोरड्या टिश्यू कागदाची सुरळी घाला, टोपी घट्ट लावा आणि बॅटरी वीतभर पाण्यात दहा मिनिटे बुडवा. बुडबुडे डोक्याच्या फटीतून येतात की मागच्या बटणापासून, हे नीट बघा. बटणावरचा रबरी टोप फाटला असेल तरी पाणी आत जाते. बाहेर काढून पुसा आणि मगच उघडा. कागद ओला असेल तर ती बॅटरी पावसाची नाही. सावलीत दिवसभर उघडी वाळवा, रिंग बदला, पुन्हा बुडवून पाहा.

नवी घ्यायची असेल तर खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका. १८६५० नावाचा बोटाएवढा लिथियम सेल असतो, त्यात साधारण दहा वॅट-तास वीज मावते. पांढरा एलईडी एका वॅटला शंभराच्या आसपास ल्युमेन (उजेडाचे माप) देतो. ‘दहा हजार ल्युमेन’ खरे असते तर शंभर वॅट लागले असते, सेल सहा मिनिटांत संपला असता आणि नळी हातात धरवली नसती. गोगलगाय वेचायला रुंद उजेडाचे दोनशे-अडीचशे ल्युमेन पुरतात आणि तेवढ्यावर तीनेक तास फेरी होते.

सेलवर ९,९०० एमएएच (सेलच्या क्षमतेचे माप) छापले असेल तर तो सेल खोटा समजा. या मापाच्या चांगल्या सेलची क्षमता २,६०० ते ३,५०० च्या घरात असते. पारख सोपी आहे. किराणा दुकानाच्या डिजिटल काट्यावर ठेवा, खरा सेल ४५ ते ४८ ग्रॅम भरतो. तीस-पस्तीस ग्रॅम भरला तर आत माल कमी आहे. दुकानदार ‘लाइफटाइम’ म्हणेल, त्याला काटा मागा. पूर्ण चार्ज झालेल्या सेलवर मल्टिमीटर ४.२ व्होल्टच्या आसपास दाखवतो. ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नका. वेष्टन फाटलेला किंवा फुगलेला सेल वापरू नका, आणि अंथरुणावर ठेवून रात्रभर चार्जिंग कधीच नको.

दुकानातच बॅटरी चालू करून तळहातावर जोरात आपटा. उजेड क्षणभरही लुकलुकला तर मागची स्प्रिंग सैल आहे किंवा सेलचा पिंजरा हलतो. तीन बारीक पेन्सिल सेलचा प्लास्टिक पिंजरा असलेल्या बॅटऱ्यांत हे फार दिसते, शेतासाठी त्या टाळाव्यात. झूम सरकवताना डोके सैल, खडखडते वाटले तर रिंग नावालाच आहे. ते हलकेसे अडत, सारख्या जोराने सरकले पाहिजे. नळीतच चार्जिंगचे भोक असेल तर त्यावरचे रबरी झाकण घट्ट बसते का पाहा. हे झाकण वर्षभरात तुटते आणि पाण्याला दुसरी वाट मिळते. सेल बाहेर काढून वेगळ्या चार्जरवर लावता येणारी बॅटरी जास्त टिकते. टाइप-सी भोक असलेल्या काही स्वस्त बॅटऱ्या मोबाइलच्या नव्या, दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या वायरने चार्जच होत नाहीत. बिघडली समजून फेकण्याआधी जुन्या चपट्या टोकाची वायर लावून पाहा.

बॅटरी किती पाणी सोसते हे आयपीएक्स आकडा सांगतो. आयपीएक्स४ म्हणजे फक्त शिंतोडे सोसते. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. सरकत्या डोक्याच्या छोट्या बॅटरीवर आयपीएक्स७ लिहिलेले दिसले तरी बादलीची परीक्षा चुकवू नका.

झूम कधी वापरायचा? तो आवळला की प्रकाशाचा चौकोन दूरवर पडतो, पण भिंग एलईडीपासून लांब गेल्याने बराच उजेड नळीतच मुरतो. बांध फुटला का, पाणी कुठून वाहते, मोटारीकडे काय हालले, हे पाहायला तो ठीक. वेचणीला नेहमी रुंद उजेड हवा. बॅटरी गुडघ्याच्या खाली धरा आणि उजेड ओळीला समांतर, जमिनीलगत आडवा टाका. आडव्या उजेडात चिकट रेषा चमकते आणि शंखाची सावली लांब पडते. डोक्याला बांधलेल्या दिव्यात सावली डोळ्याआड होते, पिल्ले निसटतात. पिवळसर उजेडात काळ्या मातीवर गोगलगाय लवकर ओळखू येते असा आमचा अंदाज आहे. पिवळ्याकडे किडेही कमी येतात.

झड थांबून तासाभरात निघा. बांध, गवताचे धुरे, शेणखताचा ढीग, पाटाची कड आधी, शेताचा मध्य नंतर. हातमोजे घाला, गोगलगायीत माणसाला बाधणारे जंत असू शकतात. वेचलेल्या गोगलगायी मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाका, बांधावर फेकू नका. प्रत्येक गोगलगाय मादीसारखी अंडी घालते, शंभराच्या वर, मातीच्या वरच्या थरात. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी ओळीओळीने टाकली तर सूर्य उगवण्याआधी त्याखाली जमलेल्या सापडतात. प्रादुर्भाव फारच असेल तर शिफारस मेटाल्डिहाईड २.५ टक्के गोळ्यांची आहे, एकरी २ किलो, संध्याकाळी ओळींत आणि बांधालगत पसरून. कुत्री, कोंबड्या, जनावरे त्या काळात शेतात सोडू नका. पाऊस धो-धो लागला असेल तर गोळ्या विरघळून पैसे वाया जातात, त्या रात्री वेचणीच करा.

कीटकनाशकांची ‘गोगलगाय स्पेशल’ जोडी कुणी गळ्यात घालत असेल तर घेऊ नका. गोगलगाय कीटक नाही, नेहमीच्या फवारणीने ती मरत नाही. प्रकाश सापळ्यातही ती येत नाही. त्या पैशांत दोन चांगले सेल आणि मूठभर रिंगा येतात.

याच बॅटरीची इतर कामे:
– वळवाच्या पहिल्या पावसानंतर कडुनिंब, बाभळीवर हुमणीचे भुंगेरे, दिवस मावळल्यावर. फांद्या हलवून गोळा करा, रॉकेलमिश्रित पाण्यात टाका.
– ठिबकच्या नळ्यांची गळती.
– मोटारीचा स्टार्टर: हात कोरडे, पायात बूट.

सापासाठी पावलापुढे दोन हात उजेड ठेवा आणि काठी आपटत चला. रिंग गेल्याने बॅटरी वाटेत विझली तर घोणसीवर पाय पडायला एक पाऊल पुरते. मण्यारचा दंश बहुतेकदा रात्री होतो आणि फारसा दुखतही नाही, म्हणून शंका आली तरी दवाखाना गाठा. आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. अवयव हलवू न देता १०८ ला फोन करा.

फेरीवरून आलात की आधी बाहेरून पुसा, मग टोपी उघडून सेल काढा, नळी उघडीच ठेवा. चुलीजवळ वाळवू नका, रिंग कडक होते. हंगाम संपल्यावर साधे सेल काढूनच ठेवा, ते पाझरतात. अल्कलाइन सेलची पांढरी बुरशी स्प्रिंगवर आली असेल तर कापसाच्या बोळ्याने लिंबाचा रस लावून पुसा आणि कोरडे करा. लिथियम सेल अर्धा भरून पत्र्याच्या शेडबाहेर, गार जागी ठेवा. आत ४ व्होल्टचा सीलबंद लेड-ॲसिड संच असलेल्या जुन्या पद्धतीच्या बॅटऱ्या मात्र दर महिन्याला भराव्याच लागतात, रिकाम्या राहिल्या की त्या पुन्हा चार्ज धरत नाहीत.