शिलाई मशीनवर इलॅस्टिक दोऱ्याचे स्मॉकिंग

हाताने केलेल्या स्मॉकिंगमध्ये आधी चुण्या ओढून घेतात आणि मग त्यांच्यावर भरतकाम करतात. मशीनवर त्या चुण्या बॉबिनमधला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळातला, इलॅस्टिक दोरा पाडतो, आणि त्यासाठी सरळ टीप मारणारे घरचे साधे मशीन पुरते. पुण्यात हा दोरा रविवार पेठेत किंवा तुळशीबागेत सहज मिळतो. कापड मात्र पातळ घ्यावे. केम्ब्रिक किंवा मलमलीवर चुण्या नाजूक उठतात, तर जाड पॉपलिनवर त्या आळसावल्यासारख्या पडून राहतात.

बाविसाच्या छातीच्या फ्रॉकसाठी 44 इंच पन्ह्याचे कापड आडवे पूर्ण घ्यावे, कारण स्मॉकिंग केल्यावर ते साधारण निम्मे होते. कॉटन आधी पाण्यातून काढून इस्त्री करावे, वरची कड दुमडून शिवून घ्यावी आणि बाजूची शिवण मात्र शेवटपर्यंत उघडी ठेवावी, म्हणजे सगळ्या ओळी सपाट कापडावर मारता येतात.

बॉबिन हातानेच भरावी. माझा पहिला फ्रॉक मी मशीनवर भरलेल्या बॉबिनने शिवला. दोरा ताणून गुंडाळला गेल्यामुळे चुण्या एकीकडे घट्ट आणि दुसरीकडे सैल पडल्या, आणि अकरा ओळी उसवाव्या लागल्या. म्हणून दोरा बोटांमधून अलगद सोडत, न ताणता, पण पोकळही न ठेवता गुंडाळावा. तो बॉबिन केसच्या पत्तीखालून नेहमीच्या दोऱ्यासारखाच काढावा. अडकत असेल तर केसचा स्क्रू जेमतेम पाव फेरा सैल करावा, चुण्या कमी पडत असतील तर तेवढाच आवळावा. या कामासाठी वेगळी बॉबिन केस ठेवलेली बरी, म्हणजे रोजच्या शिलाईचा ताण बिघडत नाही.

वर साधा पॉलिएस्टर दोरा घालावा आणि टाका 4 मिलिमीटरपर्यंत लांब करावा. कापडाची सुलट बाजू वर ठेवावी, म्हणजे इलॅस्टिक उलट बाजूला राहते. पहिली ओळ खडूने आखावी आणि पुढच्या ओळी साधारण पाव इंचाच्या अंतराने, प्रेशर फूटच्या (सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या पायाच्या) कडेचा अंदाज घेत माराव्यात. दुसऱ्या ओळीपासून कापड सुईच्या पुढे-मागे दोन्ही हातांनी ताणून सपाट धरावे, नाहीतर आधीच्या चुण्या टाक्यात चिरडतात. प्रत्येक टोकाला दोन-तीन इंच दोरा सोडून वरचा दोरा व इलॅस्टिक यांची उलट बाजूला गाठ मारावी; उलटसुलट टाक्यांवर भरवसा ठेवू नये, कारण इलॅस्टिक त्यातून निसटते.

पहिली ओळ पाहून कापड आखडलेच नाही असे वाटते, आणि बहुतेक जण नेमके इथेच स्क्रू फिरवू लागतात. तसे करू नये. हातभर तुकड्यावर पाच-सहा ओळी मारून मगच मोजावे, कारण प्रत्येक ओळीगणिक कापड थोडे थोडे आत येत जाते. शेवटी वाफेची इस्त्री कापडापासून अर्धा इंच वर, न टेकवता फिरवावी. इलॅस्टिक डोळ्यांदेखत आखडते आणि विसविशीत चुण्या एकदम घट्ट बसतात. इस्त्री टेकवली तर चुण्या दबतात आणि इलॅस्टिकही खराब होते.

मग ओळींना ओळी जुळवून बाजूची शिवण घालावी आणि इलॅस्टिकच्या टोकांवरून दोनदा टीप गेल्यावरच उरलेले दोरे कापावेत.