काळोख्या माजघरात उजेड आणताना

कोकणातल्या जुन्या कौलारू घरात ओटीवर लख्ख उजेड असतो, पण उंबरा ओलांडून माजघरात शिरले की भर दुपारीही चाचपडावे लागते. भिंतींचा रंग जुना झाला म्हणून हे घडत नाही. माजघर चहूबाजूंनी इतर खोल्यांनी वेढलेले असते, म्हणून घडते. त्यामुळे कामाची सुरुवात रंगापासून न करता छपरापासून करावी.

सर्वांत कमी तोडफोडीचा उपाय म्हणजे काचेचे कौल. ते मंगलोरी कौलाच्याच मापाचे मिळत असल्याने रीप न कापता एक कौल काढून त्या जागी बसवता येते. आधी दोनच बसवावीत आणि महिनाभर पाहावे. आम्ही उत्साहाच्या भरात पश्चिमेच्या उतारावर एकदम चार बसवली आणि मे महिन्यात दुपारी तीन वाजता त्यांच्याखाली बसवेना. शेवटी त्यांतली दोन उत्तरेच्या उतारावर हलवली. माजघरावर माळा असेल तर उजेड तिथेच अडतो. अशा वेळी काचेच्या कौलाखालच्या माळ्याच्या दोन-तीन फळ्या काढून तेथे लाकडी जाळी बसवावी, वाशाला किंवा तुळईला मात्र करवत लावू नये आणि काढलेल्या फळ्या जपून ठेवाव्यात.

भिंती मातीच्या किंवा चुन्याच्या गिलाव्याच्या असतील तर त्यांवर ऑइलपेंट किंवा सिमेंटचा गिलावा चढवू नये, कारण पावसाळ्यात भिंतीत मुरलेली ओल बाहेर पडू शकत नाही आणि पुढे पापुद्रे सुटू लागतात. त्याऐवजी रात्रभर भिजवलेला, फडक्यातून गाळलेला चुना भिंत ओली करून पातळ हातांनी तीनदा द्यावा. त्यात चिमूटभर नीळ घातली की पांढरेपणा खुलतो. चुना डोळ्यांत उडाला तर इजा होते, म्हणून चष्मा लावावा. पूर्वी ऑइलपेंट दिलेला असल्यास तो आधी खरवडून काढावा लागतो आणि हे काम कंटाळवाणे आहे, हे मान्य करायला हवे.

चुलीच्या धुराने काळवंडलेले खांब पांढरे रंगवण्याचा मोह आवरावा. कोमट साबणपाण्याने पुसून ते पूर्ण वाळले की जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. काजळीखालून सागाचा तांबूस रंग वर येतो. तेलाची फडकी मात्र बोळा करून टाकू नयेत, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळ्यावर पसरून वाळवावीत.

दिवे सर्वांत शेवटी. लाकडी पट्टीवरची जुनी वायर बदलून अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्यावा. त्यानंतर 2700 ते 3000 केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, एलईडी कोनाड्यांत दडवावेत. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली तेच लाकूड राखाडी दिसते. पुढे दर मे महिन्यात शाकारणीच्या वेळी काचेची कौलेही उतरवून धुवावीत, कारण एका पावसाळ्याच्या शेवाळाने त्यांतला निम्मा उजेड गेल्यासारखा वाटतो.