नवागतांच्या पुस्तिकेची कल्पना कागदावर कशी आणाल?

कॉलेजच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तिका करताना सॉफ्टवेअर लगेच उघडू नका. आधी द्वितीय वर्षाच्या दहा-बारा जणांना विचारा, ‘पहिल्या आठवड्यात काय सापडलं नाही?’ मेस, एसटीचा पास, ग्रंथालय कार्ड, झेरॉक्सचं दुकान अशी उत्तरं येतील. तीच प्रकरणं.

मग एका ए४ कागदावर काडेपेटीएवढे आठ चौकोन आखून प्रत्येकात वेगळं मुखपृष्ठ पेन्सिलीने काढा. पहिली दोन-तीन बहुधा पदवीची टोपी आणि पुस्तकांचा ढीगच असतात; ती सोडा. मेसच्या कार्डावरचे टिकमार्क किंवा पासवरचा शिक्का यांतून अख्ख्या पुस्तिकेची चित्रभाषा उभी राहते.

ए५ आकार, म्हणजे ए४ कागद मधोमध दुमडून मधे पिन. एका कागदाची चार पानं होतात, त्यामुळे पानं चारच्या पटीत हवीत: १२, १६, २०. चौदा झाली तर दोन कोरी उरतात, तिथे कॅम्पसचा नकाशा घाला. मजकूर ‘मुक्ता’ फाँटमध्ये ११ पॉइंट, ओळींचं अंतर १६. कमी ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं तुटली तर परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सेटिंग, लावा. कडेपर्यंत जाणारा रंग पानाच्या कडेबाहेर ३ मिमीपर्यंत न्या, नाहीतर कटिंगनंतर पांढरी रेघ दिसते.