गोधडीच्या मागच्या बाजूला काठ लावायचाय? आधी कागदावर मापं काढा

बऱ्याच जणी गोधडीची वरची बाजू महिनाभर बसून जोडतात आणि मागे मिळेल ती जुनी चादर लावून टाकतात, मला ते बघवत नाही, पांघरताना निम्म्या वेळा मागचीच बाजू दिसते हो. मधे एक कापड आणि चारी बाजूंनी काठ असं केलं की ४४ इंची पन्हा पुरत नाही ही अडचणही सुटते.

माझ्या भाचीच्या गोधडीचं माप सांगते. वरची बाजू ५४ बाय ७८ इंच. मागची चारी बाजूंनी ४ इंच जास्त ठेवायची, टाके घालताना कापड आत ओढलं जातं ना, म्हणजे ६२ बाय ८६. शिवण अर्धा इंच. मधला तुकडा ४२ बाय ६६, उभ्या दोन पट्ट्या ११ बाय ६६, आडव्या दोन ११ बाय ६२. आधी उभ्या जोडा, मग आडव्या.

खरी गोम पुढे आहे. ११ इंचातला अर्धा शिवणीत गेला, शेवटी कडेचे ४ कापले जाणार, म्हणजे दिसणारा काठ साडेसहाच इंच. पट्ट्या जुन्या साडीच्या असतील तर साडीचा काठ मधल्या कापडाकडे यायला हवा, बाहेरच्या बाजूला ठेवलात तर नेमका तोच कापला जातो, जीव हळहळतो अगदी.

मधल्यासाठी मी जांभळी नाक्यावरून २ मीटर सुती आणलं. आधी धुवाच, ठाण्यात जुलैमध्ये वाळायला दोन दिवस लागले तरी. लाल कापडावर ओला पांढरा रुमाल घासून बघा, रंग लागला तर ते कापड नकोच. मिलची घट्ट किनार कापून टाका, ती धुतल्यावर आवळते. पट्टीची लांबी मधल्या तुकड्याच्या मधोमध मोजून ठरवा, कडेला नाही, कड ताणलेली असते. शिवणी उघडून इस्त्री करा म्हणजे हाताने धावदोरा घालताना सुई अडत नाही.

मग हॉलमधे लादीच्या रेघेवर सरळ धरून मागची बाजू उलटी अंथरा, कोपरे चिकटपट्टीने ताणून बसवा. वर साड्यांचे थर, त्यावर वरची बाजू. आता वरच्या बाजूच्या अगदी कडेला टाचणी आरपार खुपसा, खाली ती काठाच्या शिवणीपासून साडेसहा इंचावर निघाली पाहिजे. चारी बाजूंना तेच माप आलं की मगच कच्चे टाके घाला.