मृगाआधीची तयारी: गिनी कोंबड्या आणि धारेचे दगड

गिनी कोंबड्या पाळणं आणि पात्यांना धार लावायचे दगड व्हाळात (ओढ्यात) शोधणं, हे दोन्ही छंद सिंधुदुर्गात यंदा सुरू करायचे असतील तर दिवस उलटे मोजा. ७ जूनच्या सुमारास मृग लागतं. गिनी कोंबडीच्या पिल्लांना पुरती पिसं यायला सात-आठ आठवडे जातात, म्हणजे एप्रिल उजाडताच पिल्लं घरात हवीत. व्हाळाचं पात्रही तोवरच कोरडं असतं. एकदा पाणी आलं की दगड दिसायचे नाहीत.

गिनीची अंडी खुडूक (उबवायला बसलेल्या) गावठी कोंबडीखाली ठेवणार असाल तर मार्चच्या सुरुवातीलाच ठेवा. कोंबडीची अंडी २१ दिवसांत फुटतात, गिनीच्या अंड्यांना २६ ते २८ दिवस लागतात. मध्येच उठणारी कोंबडी या कामाला नको. पिल्लं विकत घेणार असाल तर इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेच्या कादंबरी, चितांबरी आणि श्वेतांबरी या जातींची चौकशी करा.

पिल्लं येण्याच्या आदल्या दिवशीच खोक्यात बल्ब लावून बघा. पहिल्या आठवड्यात ३५ अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, कडेला पळाली तर उकडतंय. थर्मामीटरपेक्षा मी त्यांच्याकडेच बघतो. तळाला वर्तमानपत्र नको, त्यावरून पाय घसरून फाकतात आणि पिल्लू अधू होतं. गोणपाट घाला. पाण्याची ताटली उथळ हवी आणि तिच्यात खडे हवेत, कारण बोटभर पाण्यातही ही पिल्लं बुडतात. खाद्यात २४ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात. कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात ती कमी असतात, म्हणून त्यात उकडलेलं अंडं कुस्करून घाला. आणि ओल अजिबात नको. पहिल्या वर्षी मी पिल्लं मे महिन्यात आणली, दवाने भिजलेल्या गवतावर सोडली आणि त्यातली नऊ गेली. ते अजून मनात आहे.

खुराड्याला उंच दांडी आणि मुंगसाला न सापडणारं दार आधीच करून ठेवा. खोक्यातून खुराड्यात आल्यावर सहा आठवडे पक्षी आतच राहू द्या, म्हणजे तेच घर वाटतं. मग एकदम सगळे सोडू नका. दोन सोडा, बाकीचे आतून हाका मारतात आणि बाहेरचे परत येतात. शेजाऱ्यांना आवाजाची कल्पना आधीच द्या.

दगडांसाठी पिशवीत दहापट भिंग, पाण्याची बाटली, जुनं पातं आणि लिंबू घ्या. जांभा उचलूच नका. काळवत्री, म्हणजे काळा बेसाल्ट, पाट्या-वरवंट्याला उत्तम, धारेला मंद. आपल्याकडे काही भागांत कलादगी मालिकेचा (फार जुन्या खडकांच्या थरांचा) वालुकाश्म आणि क्वार्ट्झाइट (वालुकाश्मापासूनच झालेला कठीण खडक) उघडा पडलाय, त्यातले बारीक कणांचे, एकसारखे गोटे शोधा. ओरखडा काढून निघालेल्या भुकटीवर लिंबू पिळा. फेस आला तर चुनखडी, पोलादापेक्षा मऊ, टाका. नाही आला तर दगड ओला करून पातं घासा. पाणी काळसर झालं तर तो पोलाद खातोय. पात्यावर एकच खोल चरा उठला तर आत एखादा जाड कण आहे, तो दगड कितीही देखणा असला तरी सोडून द्या.

सपाट करायला लादी आणि २२० नंबरचा पाण्यात चालणारा पॉलिशपेपर लागेल. घासताना पाणी सोडतच राहा, कोरडी सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते. प्रत्येक दगडाच्या पाठीवर व्हाळाचं नाव आणि तारीख लिहा; पावसानंतर त्याच वळणावर परत जायचं आहे.