क्लीट लावून रस्त्यावर उतरण्याआधी

बूट आले, पेडल्स आली आणि उद्या पहाटेच राइडला निघायचं असं ठरवलं असेल, तर तो बेत चार-पाच दिवस पुढे ढकला. बुटाच्या तळव्याला क्लीट नावाचा छोटा तुकडा बसवतात आणि तो ज्यात खट्टकन अडकतो ते क्लिपलेस पेडल. त्यावर सायकल चालवणं लगेच जमतं. थांबायला मात्र शिकावं लागतं. नवखे लोक पडतात ते बहुतेक वेळा वेगात नाही, तर ब्रेक लावून सायकल उभी राहता राहता, पाय अडकलेला असताना. त्यामुळे पुढची सगळी तयारी सुखरूप थांबण्यासाठी आहे.

आधी बूट उलटा करून तळवा बघा. तीन भोकं असतील तर रोड बाइकची मोठी प्लॅस्टिकची क्लीट बसते, दोन असतील तर छोटी धातूची. काही बुटांना दोन्ही असतात. पेडल कोणत्या क्लीटचं आहे ते बुटाशी जुळलंच पाहिजे, आणि क्लीट शक्यतो पेडलसोबत आलेलीच वापरा. दिसायला सारखी असली तरी एका कंपनीची क्लीट दुसऱ्या कंपनीच्या पेडलमध्ये बसेलच असं नाही. पाय अडकत असूनही या पेडल्सना क्लिपलेस का म्हणतात, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. पूर्वी पेडलवर पिंजऱ्यासारखी क्लिप आणि पट्टा असायचा, तो यात नाही, म्हणून हे नाव. लुक या फ्रेंच कंपनीने स्कीइंगच्या बाइंडिंगवरून, म्हणजे बूट स्कीला अडकवणाऱ्या पकडीवरून, १९८४ मध्ये असं पेडल आणलं, आणि १९८५ ची टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत बर्नार्ड इनो या सायकलपटूने त्यावरच जिंकली. स्कीवरचा माणूस पडला की पाय सुटला पाहिजे, हा विचार या पेडलच्या मुळाशी आहे.

पेडल बसवताना आट्यांना ग्रीस लावा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. लक्षात ठेवायची सोपी खूण अशी: पान्याचा दांडा वरच्या बाजूला धरून पुढच्या चाकाकडे ढकलला की दोन्ही पेडल्स आवळतात. सुरुवातीचे फेरे बोटांनी फिरवा. अडखळलं तर जोर न लावता काढून पुन्हा लावा, कारण क्रँकचे, म्हणजे पेडल ज्या दांड्यावर बसतं त्याचे, आटे एकदा गेले की खर्चात पडाल.

क्लीट बसवायला निवांत वेळ काढा. अर्धा तास लागला तरी चालेल. बूट घालून अंगठ्याच्या मुळाशी असलेलं हाड बाहेरून बोटाने चाचपा, तिथे पेनाने खूण करा. करंगळीच्या बाजूलाही तसंच करा. पेडलचा आस या दोन खुणांच्या मधोमध येईल अशी क्लीट ठेवा. शंका वाटली तर थोडी मागे, टाचेकडे सरकवा. फार पुढे राहिली तर पोटरीवर ताण येतो. कोनासाठी टेबलाच्या कडेवर बसून पाय लोंबते सोडा आणि चवडे कुठे वळतात ते बघा. ज्यांचे चवडे मुळातच बाहेर वळतात त्यांनी क्लीट दामटून सरळ लावली की त्याची किंमत गुडघा मोजतो. शेवटी क्लीटच्या कडेने पेनाची रेघ मारून ठेवा, म्हणजे ती सरकली तर लगेच कळेल.

क्लीटच्या रंगाकडेही लक्ष द्या. सुटण्याआधी टाच किती अंश मोकळी हलते ते रंगावरून समजतं. शिमानोच्या तीन बोल्टच्या क्लीटमध्ये पिवळी ६ अंश, निळी २ अंश आणि लाल अजिबात न हलणारी. लुक कीओमध्ये मात्र लाल सर्वात मोकळी, ९ अंशांची, करडी साडेचार आणि काळी घट्ट. त्यामुळे कुणी नुसतं ‘लाल घे’ म्हणालं तर कोणत्या कंपनीची ते आधी विचारा. शिकताना मोकळीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे.

बूट नवे असतील तर सीटची उंची पुन्हा तपासा, तळव्याची आणि क्लीटची जाडी त्यात धरावी लागते. मग पेडलच्या मागच्या छोट्या स्क्रूने स्प्रिंग जितकी ढिली होईल तितकी करा, दोन्हीकडे सारखी. छोट्या क्लीटची पेडल्स बरेचदा दोन्ही बाजूंनी अडकणारी असतात. तिथे एकूण चार स्क्रू असतात, आणि एखादा हमखास विसरला जातो.

आता भिंत. सायकल भिंतीला लावा, एका हाताने भिंत धरा आणि सीटवर बसा. रोड पेडल मागून जड असल्याने टोक वर करून लटकतं. क्लीटची चोच त्या टोकात घाला आणि चवड्याने खाली दाबा. खट्ट आवाज येईल. सोडवताना पेडल तळाशी आणा आणि टाच बाहेर फिरवा, पाय वर न उचलता. इथेच सगळे चुकतात. साध्या पेडलवरून पाय नुसता उचलायची जन्माची सवय, आणि घाबरल्यावर शरीर तेच करतं. पण वर ओढून ही पेडल्स सुटत नाहीत. म्हणून प्रत्येक पायाने पन्नास वेळा अडकवा आणि सोडवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा, नंतर पेडलकडे न बघता. कुणाशी बोलता बोलता पाय आपोआप सुटायला लागला की समजा झालं.

मग मऊ गवताचं रिकामं मैदान. हेल्मेट आणि हातमोजे घाला, गिअर हलका ठेवा. एक पाय अडकवून ते पेडल पुढे आणि थोडं वर ठेवा, त्यावर जोर देऊन निघा. दुसरा पाय लगेच अडकला नाही तर तसाच पेडलवर ठेवून चार फेरे मारा. खाली वाकून बघत बसलात तर समोरचं दिसणार नाही. थांबताना क्रम पक्का हवा: आधी पाय सोडवा, मग ब्रेक, मग सीटवरून पुढे उतरून सोडवलेल्या बाजूला अंग झुकवत पाय टेका. रस्त्यावर कडेच्या बाजूचा पाय टेकायचा, गाड्यांच्या बाजूचा नाही. तरीही सराव दोन्ही पायांचा करा, ऐनवेळी सायकल कुठे कलेल ते आपल्या हातात नसतं. कललीच तर हात ताठ करून जमिनीवर टेकू नका. मनगट आणि गळ्याजवळचं हाड त्यानेच मोडतं. हँडल धरून कुशीवर पडा.

एक गोष्ट मात्र मला कुणी सांगितली नव्हती. माझ्या छोट्या क्लीटचा दोनपैकी एक बोल्ट वाटेत कुठेतरी गळून पडला. चौकाच्या बऱ्याच आधी मी टाच फिरवली, बूट फिरलासुद्धा, पण पाय सुटेना. क्लीट पेडलमध्ये घट्ट आणि बूट उरलेल्या एका बोल्टभोवती नुसता गरगरत होता. मी कोपरावर पडले. एका अनोळखी बाईंनी येऊन सायकल धरली, तेव्हा बुटाचा पट्टा सोडून पाय बाहेर काढता आला. बूट पेडललाच लटकत राहिला. तेव्हा तुम्हीही भिंतीपाशी एकदा पट्टा सोडून बुटातून पाय काढून बघा, तेही यायला हवं.

क्लीटचे बोल्ट साधारण ५ ते ६ न्यूटन मीटरने आवळतात, पण उत्पादकाने दिलेला आकडा एकदा बघून घ्या. पहिल्या राइडनंतर पुन्हा पाना लावा, कारण क्लीट तळव्यात दबली की बोल्ट ढिले होतात. ४ मिमीची अॅलन की जर्सीच्या खिशात ठेवा. पहिली फेरी तासाभराची, ओळखीच्या आणि कमी सिग्नलच्या रस्त्याने काढा. आणि निघण्याआधी दारातच दोन्ही पाय एकेकदा सोडवून बघा.